मेलेल्या मुलाचं काम

रात्रपाळीत नाडी बघायला गेले की
फिदेन्सिओ श्वास धरून पडून राहतो.
मी घड्याळाकडे बघते. वीस. तीस. चाळिसाव्या सेकंदाला
त्याच्या मिशीचं एक टोक हलतं.
"अजून येतं मला," म्हणतो, "सहाव्या वर्षी शिकलो."

सॅन अँटोनिओच्या पश्चिमेला, रुळांपलीकडे,
तेव्हा पेकनच्या वखारी होत्या.
पेकन म्हणजे आपल्या अक्रोडाचा सडपातळ भाऊ.
बायका दिवसभर फोडत, सोलत बसायच्या.
गर अख्खा निघाला तर पौंडाला सहा सेंट,
तुटला तर पाच.
त्यांच्यात बसायची ओतिलिया सांब्रानो,
साल्तीयोहून आलेली, एका बोटाला नख नसलेली,
वजनाच्या चिठ्ठ्यांच्या पाठी नाटकं लिहिणारी.

एकोणीस नाटकं.
चिठ्ठीवर मावेल एवढंच वाक्य,
म्हणून तिची माणसं कमी बोलत.
रविवारी तंबूत प्रयोग व्हायचा,
रॉकेलच्या खोक्यावर, पडद्याआड, ती स्वतः प्रॉम्प्टर.
नट विसरला तर शब्द सांगायची नाही,
नुसता श्वास घ्यायची, मोठ्यानं.
तेवढ्यानं आठवायचं, फिदेन्सिओ म्हणतो.

माझे वडील सांगलीला विंगेत उभे राहून
तीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं पुटपुटले.
हे सांगितलं तर त्यानं विचारलं, पगार किती?
म्हटलं, चहा. आणि टाळ्या,
त्याही दुसऱ्यांच्या.

मग तिनं शिवणयंत्र गहाण टाकलं
आणि लग्नाचे फोटो काढणाऱ्या बेनाविदेसकडून
हातानं फिरवायचा कॅमेरा आणला, नऊ दिवसांच्या बोलीवर.
सिनेमाला नाव ठेवायचं राहूनच गेलं.
नावं ठेवणारे मात्र रांगेनं उभे,
वखारीचा मुकादम, पाद्री, तिचा दीर.
बाईनं शिवावं, फार तर नाटक लिहावं,
पण हे काय?

गोष्ट साधी. वखारीतल्या धुळीनं एक मूल मरतं.
आई त्याला पोत्यांवर निजवते
आणि पुन्हा सोलायला बसते,
कारण दिवस भरायचा असतो.
मुलाच्या कामात फिदेन्सिओ.
बिदागी एक संत्रं, अर्धं आधी.

सात दिवस तो नीट मेला.
आठव्या दिवशी, फिल्मचा शेवटचा डबा,
उन्हाची तिरीप बरोबर पोत्यावर,
आई झालेली बाई खरंच रडायला लागलेली,
आणि टरफलाची धूळ ह्याच्या नाकात.
शिंकला. मग हसला. मग हसू आवरेना.

बेनाविदेसचा हात कॅमेऱ्यावर अडखळला.
ओतिलियानं त्याचं मनगट धरून फिरवत ठेवला
आणि मोठ्यानं श्वास घेतला.
आई झालेली बाई,
जिला पुढचं काही सांगितलंच नव्हतं,
तिनं पुढ्यातल्या ढिगातून,
मुकादमाच्या वजनातून,
अख्ख्या गराची मूठ उचलली
आणि पोराच्या तोंडात भरायला लागली.

शेवट तोच राहिला.
एकदाच दाखवला, चर्चच्या मागच्या भिंतीवर,
दोन चादरी जोडून. शिवण नेमकी
मुलाच्या चेहऱ्यावरून गेलेली.
बायका उठून उभ्या राहिल्या.
टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत,
बोटं सगळ्यांचीच सोलवटलेली.

संपाच्या वर्षी तिला आगगाडीत बसवून
सरहद्दीपार धाडलं.
रिळं भंगारवाल्यानं नेली, आतल्या चांदीसाठी.
किती निघाली असेल?
फिदेन्सिओ चिमूट करून दाखवतो,
मग ती चिमूटही उघडतो.
"उरलेलं अर्धं संत्रं दिलंच नाही तिनं," म्हणतो,
जणू ती कालच गेली.

मंगळवारी पहाटे साडेचारला गेले.
वीस. तीस. चाळीस.
मिशीकडे बघत राहिले.
साठ झाले तरी मनगट सोडलं नाही.
मग मीच मोठ्यानं श्वास घेतला.

बाहेर कचऱ्याची गाडी येऊन गेली.
फॉर्मवर वेळ लिहायची असते.
मी पाच मिनिटं उशिराची लिहिली.